उपाशी ठेवलेली बाटली

आईने बाबांच्या खोलीतला पडदा धुवायला काढला आणि त्यामागे, खिडकीच्या कट्ट्यावर, ती बाटली निघाली. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत त्या खोलीतलं सगळं मायलेकींनी मिळून आवरलं होतं. चष्मे, औषधांच्या चिठ्ठ्या, जोडीदार हरवलेला एक लोकरी मोजा. पडद्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. मुद्दाम नव्हे, राहून गेला होता. सोमवारी सकाळी लेक कामावर जाताना आईकडे डोकावली, तेव्हा आईने दारातच बाटली तिच्या हातात दिली, त्या एकट्या मोज्यात गुंडाळलेली. "काल सापडली. जिवंत आहे का बघ," आई म्हणाली, आणि जणू दूध नासलंय का बघ असंच काहीसं सांगितल्यासारखी आत वळली. तिने मोजा खाली सरकवला. बाटली म्हणजे कापसाचा बोळा लावलेला काचेचा फ्लास्क, आईच्या भाषेत बाटली. आतलं पाणी पिवळं होतं, जुन्या कागदासारखं, आणि अर्ध्याहूनही कमी. आठ महिन्यांत पाणी उडून जाणारच, तिच्या मनात आलं. आठ महिने, कारण काचेवर चिकटवलेल्या पट्टीवर बाबांच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात तारीख होती, आणि तारखेखाली दोनच शब्द: उपाशी ठेवलं. त्यापुढे त्यांनी एक आडवी रेघ मारून जागा सोडली होती, दुसऱ्या तारखेसाठी. ती जागा कोरी होती.

बसमध्ये तिने फ्लास्क मांडीवर उभा धरला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला तेव्हा तिचा हात आपोआप बोळ्यावर गेला, शेजारच्या बाईने खेकसल्यासारखं विचारलं, "सांडणार नाही ना ते?" आणि ती म्हणाली, "नाही, यात काही नाही." मग तिला वाटलं, हे आपण आत्ताच का म्हणालो. यात काही नाही. तिने ते वाक्य मनातल्या मनात परत उच्चारून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की आईने बाटली दिल्यापासून ती एकच गोष्ट मनाशी म्हणत होती, खिडकीबाहेरची दुकानं, फलक, माणसं यांच्याकडे बघत, एकसारखी: मेलेलं असू दे. मेलेलं असू दे.

बाबांनी एकतीस वर्षं एकाच जातीच्या जिवांची चाकरी केली. चाकरी हा शब्द आईचा. संशोधन केंद्रातल्या तळमजल्यावरच्या खोलीत नळीच्या दिव्यांखाली शंभरेक फ्लास्क रांगेने उभे असत, आणि त्यात ते नीलहरित जिवाणू. कुणी त्यांना शेवाळ म्हटलं की बाबांना खपत नसे. "शेवाळ भाडेकरू आहे. हे मूळ मालक. उजेड खायची विद्या यांनी काढली, बाकीची सगळी हिरवळ यांच्याच जिवावर जगते." घरी आलेल्या पाहुण्यालाही ते हे सांगत आणि पाहुणा कपातला चहा संपवून घड्याळाकडे बघे. त्यांचा प्रश्न मात्र विद्येचा नव्हता, उपासमारीचा होता. पाण्यातलं नत्र संपलं की हे जिवाणू काय करतात? नत्राशिवाय प्रथिनं नाहीत, वाढ नाही, दुसरा जीव घडवता येत नाही. आणि वरून उजेड तर कोसळतच असतो. भरल्या पोटी जो उजेड अन्न, तोच उपाशी पोटी विष. तो पकडला जातो, पण खर्चायला जागा नसते, आणि आतल्या आत जाळत सुटतो. तेव्हा हे जिवाणू एक विलक्षण गोष्ट करतात. उजेड झेलायला त्यांनी जी रंगीत छत्री उभारलेली असते, ती मोडतात आणि खातात. तिच्यातलं नत्र पोटाला लागतं आणि उजेडाचा माराही कमी होतो. छत्री गेली की निळा रंग जातो, मागोमाग हिरवाही जवळजवळ सगळा जातो, थोडी पिठूळ शिदोरी पोटाशी धरून पेशी पिवळी पडते आणि थांबते. महिनेच्या महिने. वाढत नाही, विभागत नाही, हलत नाही. "मग ते जिवंत कशावरून?" तिने लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "जेवायला घालून बघायचं. दोन दिवस लागतात."

दोन दिवस. हे तिला नुसतं ठाऊक नव्हतं, अंगावर कोरलेलं होतं. बावीस वर्षांची असताना सुट्टीत ती बाबांच्या हाताखाली मदतीला जात असे, आणि एका दुपारी, ते बैठकीला गेलेले असताना, तिने आपणहून फळ्या आवरायला घेतल्या. वरच्या फळीवर कोपऱ्यात सतरा पिवळे फ्लास्क होते. धूळ बसलेले, दिव्यापासून लांब. तिने ते ऑटोक्लेव्हमध्ये घातले, त्या मोठ्या पोलादी कुकरमध्ये, जिथे वाफेच्या दाबाखाली वीस मिनिटांत जे जे जिवंत ते सगळं मरतं. मग फ्लास्क घासूनपुसून पालथे घातले. बाबा आले, पालथ्या फ्लास्कांकडे पाहिलं, वरच्या मोकळ्या फळीकडे पाहिलं. "मेले होते असं कुणी सांगितलं तुला?" "पिवळे होते," ती म्हणाली. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्चीत बसून त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. दोन वर्षांची उपासमार होती ती, सतरा वेगवेगळ्या मुदतींची. दुसऱ्या दिवशी त्या फळीवर एक कागद लागला: पिवळ्याला दोन दिवस द्या. त्याखाली, वेगळ्या शाईत, जणू रात्रभर विचार करून सुचलेला दुसरा नियम: कुठलीही बाटली जागेवरून हलवण्याआधी निम्मी मागे ठेवा. पुढे निवृत्तीनंतर घरातही त्यांनी हे दोन्ही नियम पाळले. स्वयंपाकघरातल्या कपाटात नत्राच्या द्रावणाची एक बाटली असे, तिच्यावर लिहिलेलं: जेवण. पिऊ नये. आई म्हणे, "या घरात जेवण म्हणून लिहिलेली एकच बाटली, आणि तीही प्यायची नाही."

तिची नोकरी शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. तिथे हेच जिवाणू शत्रू. उन्हाळ्यात जलाशयावर त्यांची साय धरली की गाळण्या तुंबतात, पाण्याला मातकट वास येतो. लोक फोनवर आरडाओरडा करतात. सूक्ष्मदर्शकावर बसणारी तिची मैत्रीण, जिला सगळे दुर्बीणबाई म्हणत, ती त्यांची मोजदाद करताना शिव्या देत असे. मोज्यातून निघालेला फ्लास्क पाहून दुर्बीणबाई म्हणाली, "हे काय, घरचा डबा?"

"बाबांची आहे. उपाशी ठेवलेली. नत्र घालून बघायचंय."

दुर्बीणबाईने फ्लास्क उजेडाकडे धरला, जरासा फिरवला. तळाचा पिवळा गाळ उठला आणि सावकाश खाली बसला. "अगं, याच्यात काय राहिलंय? मढ्यापुढे ताट वाढतेस होय?" म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "माझं तोंड म्हणजे ना. वाढ बाई, वाढ."

अकरा वाजता तिने नत्राचं द्रावण घातलं, थेंब मोजून. फ्लास्क उत्तरेकडच्या खिडकीपाशी ठेवला, उजेडात नाही, उजेडाच्या कडेला. पट्टीवरच्या कोऱ्या जागेत तारीख लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. दुपारी आईचा फोन आला. "घातलंस जेवण?" "घातलं." "मग बुधवारी कळेल," आई म्हणाली. "बुधवारी ये संध्याकाळी." आईचा आवाज साधा होता. गेले पाच आठवडे तो इतका साधा होता की तिला त्याची भीती वाटू लागली होती. आई एकदाही तिच्यासमोर रडली नव्हती. तिने एकदाही तो विषय काढला नव्हता. फक्त कधी चहा गाळताना, कधी उशीचे अभ्रे बदलताना, ती मध्येच हात थांबवून लेकीकडे बघत राही, दाराशी आलेला माणूस आत येतो की परत जातो हे पाहावं तसं.

बाबा गेले त्या दिवशी मंगळवार होता. बाबांचं यकृत गेलं होतं, मग मूत्रपिंडं. अतिदक्षता विभागात ते अकरा दिवस होते आणि शेवटचे पाच दिवस श्वास मशीन घेत होतं. तिथे कायम उजेड असे; छतातले दिवे कधीच मालवत नसत, आणि त्या दिव्यांखाली बाबा पिवळे पडत चालले होते. आधी डोळे, मग कपाळ, मग तळहात. डॉक्टर तरुण होता, थकलेला, सभ्य. त्याने दोघींना बाजूला घेऊन सांगितलं की आता हे नुसतं लांबवणं आहे. आपण थांबायचं का, हे घरच्यांनी ठरवायचं. आई म्हणाली, "दोन दिवस थांबू या." ती म्हणाली, "आई, दोन दिवसांत काय होणार आहे?" आईने पदराशी चाळा केला नाही, डोळे पुसले नाहीत. सरळ म्हणाली, "यांच्या बाटल्यांना दोन दिवस लागतात." तेव्हा तिला, इतक्या दिवसांच्या जागरणानंतर, हसू फुटेल की काय असं वाटलं होतं. "आई, बाबा म्हणजे बाटली नाही," ती म्हणाली. डॉक्टर जमिनीकडे बघत होता. फॉर्मवर सही तिने केली, डॉक्टरच्याच पेनाने. आईने पेन घेतलं नाही, अडवलंही नाही. शिकलेली लेक सांगते म्हणजे खरंच असणार, असं तिच्या गप्प बसण्यातून दिसत होतं. किंवा तिला तेव्हा तसं दिसलं.

पण सहीच्या आधी एक गोष्ट घडली होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती. नर्सने दोन खाटांमधला पडदा सरकवला होता, मोठ्या खिडकीतून दुपारचा उजेड एकदम बाबांच्या तोंडावर आला होता, आणि त्यांच्या पापण्या आवळल्या होत्या. किंचित. झोपलेल्या माणसाच्या आवळतात तशा. नर्सने पडदा परत ओढला आणि पापण्या सैल पडल्या. असतील नुसत्या शिरा, असेल मेंदूच्या तळाशी उरलेली एखादी आंधळी सवय. ती वाचणारी बाई होती, तिला असल्या गोष्टींची नावं ठाऊक होती. डॉक्टर दहा पावलांवर उभा होता. त्याला विचारायला दहा पावलं चालावी लागली असती. ती चालली नाही. अकरा दिवस ती खुर्चीत झोपली होती, तिची पाठ मोडून आली होती, आणि ती आवळलेली पापणी पाहताना तिच्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं: आता पुन्हा नको.

मंगळवारी फ्लास्कमध्ये काही फरक नव्हता. नसणारच. बाबांनी हेही सांगितलं होतं: पहिला दिवस ते उजेडाकडे वळूनही बघत नाहीत. आधी पोटाशी धरलेली शिदोरी जाळतात, अंधारात घर झाडावं तसं आतलं आवरतात, यंत्रं जुळवतात. बाहेरून मढं आणि आत एवढी गडबड. दिवसभर ती नळाच्या पाण्याचे नमुने तपासत राहिली आणि पाठीमागे त्या खिडकीपाशी काहीतरी आवरतंय असं तिला वाटत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर पडली तर इमारतीच्या भिंतीवर, गळक्या पाइपाखाली, एक लांबट काळपट डाग दिसला. गेली नऊ वर्षं तो तिथे होता. उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा सुटायचा, थेंबभर पाणी मिळालं की तासाभरात हिरवा. तिने पूर्वी त्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. आज तिला दिसलं की तो सगळीकडे आहे. फरशांच्या सांध्यात, गटाराच्या ओठावर, बसथांब्याच्या पत्र्याच्या कडेला, वाळून काळा पडलेला, चुपचाप. वाट बघत. या शहरात काहीच धड मरत नव्हतं. ज्याला आपण गेलं म्हणून पुसून टाकलं ते सगळं कुठेतरी पिवळं होऊन बसलं होतं, आणि त्याला घाई नव्हती. अब्जावधी वर्षं त्यांनी याच एका कलेवर काढली होती. ऊन, मीठ, थंडी, उपासमार, काहीही येवो, आपली छत्री मोडून खायची आणि गप्प राहायचं. बाबांना यात धीर वाटत असे. तिला धीर का वाटत नाही, हे ती स्वतःला विचारत नव्हती; विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

बुधवारी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. आतले दिवे कुणी लावले नव्हते. दारातूनच तिने पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली. खिडकीच्या मळक्या उजेडात फ्लास्क हिरवा होता. गर्द नव्हे, कोवळा, ओला, थोडासा निळ्याकडे झुकणारा. दोन दिवसांपूर्वी तळाशी निपचित पडलेला गाळ आता सगळ्या पाण्यात पसरून उभा होता. ती जवळ गेली नाही. पाठीमागून दुर्बीणबाई आली, पिशवी खांद्यावरच, आणि ओरडली, "अगं बाई! हे तर उठून बसलं!" तिने थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. "विभागतायत गं. जोडीजोडीने. बघ तरी! आठ महिने म्हणालीस ना? तुझे वडील खरंच भारी माणूस." ती वाकली, बघितलं. गोल, हिरवे, भरलेले. मधोमध चिमटा पडलेले. एकाचे दोन होणारे. "आईला फोन कर आधी," दुर्बीणबाई म्हणाली, तिच्या पाठीवर थाप मारून, आणि जलाशयाचे नमुने आणायला गाडीत जाऊन बसली.

खोलीत ती एकटी राहिली. कोपऱ्यातला ऑटोक्लेव्ह रोजच्या बाटल्यांनी अर्धा भरून ठेवलेला होता. झाकण लावायचं बाकी. आपण काय करणार आहोत याचा तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. हातांनी केलं. बोळा घट्ट बसवला, फ्लास्क त्या बाटल्यांच्या मध्ये उभा केला, झाकण फिरवलं, खटका दाबला. काटा चढत गेला. वाफ सुरुवातीला फुसफुसते, मग दाब धरला की गप्प होते. त्या गप्प वीस मिनिटांत ती स्टुलावर बसून होती आणि तिने आपल्या बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. ही लकब कुणाची हे लक्षात येईपर्यंत गाठ बसली होती. उघडल्यावर आतून पुन्हा पिवळा फ्लास्क निघाला. पण निराळा पिवळा. शेवाळी, शिजलेला, मळका. या पिवळ्याला कितीही दिवस दिले तरी काही होणार नव्हतं. तिने तो मोरीत ओतला, घासला, पालथा घातला. पट्टी गरम वाफेने आधीच सुटली होती. मग फोन केला.

"आई, मेलेलं होतं."

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज होता. तो बंद झाला. "मेलेलं?"

"हो. दोन दिवस दिले. काही झालं नाही."

"बरं," आई म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "संध्याकाळी येतेस ना? ये."

दिवसभर तिला हलकं वाटलं. खरोखरच वाटलं. पिवळं म्हणजे गेलेलं, दोन दिवसांनी काही झालं नसतं, सही बरोबर होती. सगळं एका ओळीत बसलं होतं आणि ती ओळ मोडणारं आता कुठेही काही नव्हतं. संध्याकाळी आईकडचा जिना चढताना तिने रेलिंगवर हात ठेवला तोही हलका होता. दार उघडं होतं. आई स्वयंपाकघरात होती. बाबांच्या खोलीचा धुतलेला पडदा तिने इथे, ओट्यामागच्या खिडकीला लावला होता. त्या खिडकीला कधीच पडदा नव्हता. अर्धवट ओढलेल्या त्या पडद्याच्या आडोशाला, कट्ट्यावर, मुरंब्याची एक जुनी बरणी होती. तोंडाला कापसाचा बोळा. आणि आतलं पाणी हिरवं, इतकं हिरवं की ओट्यावरच्या पांढऱ्या फरशीवर त्याची सावलीसुद्धा हिरवी पडली होती. शेजारी कपाटातली ती बाटली होती. जेवण. पिऊ नये.

ती दारातच थांबली. अर्ध्याहून कमी भरलेला फ्लास्क तिला आठवला. पाणी उडून गेलं नव्हतं. पाणी कुठेच गेलं नव्हतं.

आई चहा गाळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "निम्मी मागे ठेवली होती," ती म्हणाली. "यांची शिस्त. तू नेलीस त्याच दिवशी चमचाभर घातलं. आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी हिच्यासमोरच उभी होते."

ती टेबलापर्यंत आली.

"बस ना." आईने दोन कप टेबलावर ठेवले. मग ती खिडकीपाशी गेली आणि पडदा आणखी थोडा ओढला, अगदी बोटभर, बरणीवर पडणारी मावळतीची तिरीप अडेल इतकाच. "नुकतं उठलेल्याला फार उजेड सोसत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या नर्सने पडदा सरकवला, तेव्हा त्यांनाही सोसला नव्हता. मी तुझ्याकडे बघत होते. तू काहीतरी म्हणशील म्हणून."

आई समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने कप पुढे सरकवला आणि पाच आठवडे बघत होती तशीच लेकीकडे बघत राहिली.

"चहा घे," आई म्हणाली. "मी थांबते."